प्रापंचिकाची पाठवणी

‘मिशन’ हा शब्द आपल्या शाळेतील मुलांच्या कानांवरून दिवसातून किती वेळा जातो, ह्याची गणती करणे कठीण आहे. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा बंगला, असे आपण सहज बोलतो. आणि बोलता बोलता ‘मिशन’ म्हणजे एखादी इमारत किंवा पगार देणारी एखादी कचेरी, अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु शब्दाच्या मुळाशी गेले असता निराळीच गोष्ट आढळते. लॅटिन भाषेतील ‘पाठविणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून हा शब्द निघाला आहे. नव्या करारात ‘प्रेषित’ म्हणून जो शब्द येतो, त्याच्या ग्रीक मुळाचाही अर्थ ‘पाठविलेला’ असाच आहे. वसईकडील आपले कॅथलिक बांधव आपल्या मुख्य उपासनेस ‘मिस्सा’ म्हणतात. तेही नाव वर सांगितलेल्या लॅटिन धातूपासूनच आलेले असून, उपासनेच्या अखेरीस लोकांस निरोप देताना जे शब्द उच्चारीत, त्यांवरून ते पडले आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या उपासनेला जे नाव मिळाले, ते तिच्या आरंभावरून नव्हे, तर लोक मंदिराच्या दाराबाहेर पडावयास निघतात त्या क्षणावरून!

मराठीत ह्या अर्थाचा एक फार गोड शब्द आहे. तो म्हणजे ‘पाठवणी’. लग्न झाल्यावर लेकीची पाठवणी होते. ती सासरी जाते तेव्हा माहेरच्या थोरवीवर व्याख्यान देण्याकरिता जात नाही. ती त्या घरची होऊन राहते, चूल सांभाळते, दुखणाइताच्या उशाशी बसते, आणि तिच्या वागणुकीवरूनच शेजारणी म्हणतात, “आईने वळण चांगले लावले हो!” ख्रिस्ती मनुष्याचे ‘मिशन’ ते हेच, असे दाखविण्याचा ह्या लेखात आमचा विचार आहे. आपल्या शाळेत अनेक धर्मांची मुले शिकतात व त्यांचे पालकही हे पान वाचतील, हे आम्ही जाणून आहोत. मिशनच्या शाळेतील माणसे ज्याला आपली पाठवणी समजतात, ती खरोखर काय आहे, हे जाणण्याचा त्यांसही अधिकार आहे.

प्रथम प्रश्न असा की, पाठविलेले कोण? सर्वसाधारण उत्तर ठरलेले आहे : पाळक, उपदेशक, बायबल-बाई, फार तर मिशनरी डॉक्टर. बाकीच्यांनी रविवारी बाकावर बसावे, वर्गणी द्यावी, आणि सोमवारी आपापल्या धंद्यास लागावे. धर्मकार्य हा काही नेमलेल्या माणसांचा व्यवसाय आहे आणि आपण त्याचे आश्रयदाते आहो, अशी ही कल्पना आहे. आमच्या मते मंडळीचे जेवढे नुकसान ह्या एका कल्पनेने केले आहे, तेवढे बाहेरच्या विरोधानेही केले नसेल.

नव्या करारात तिला आधार सापडत नाही. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेत छळ माजला तेव्हा प्रेषित तेथेच राहिले, आणि पांगापांग होऊन गावोगाव गेले ते सामान्य विश्वासणारे. शुभवर्तमान प्रथम बाहेर नेले ते त्यांनी. पौलासारखा मोठा प्रेषित करिंथ शहरी दीड वर्ष राहिला, तो अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याच्या घरी. आणि तिघांचाही धंदा एकच, तंबू करण्याचा. दिवसभर राठ कापडात दाभण घालावयाचे व सवडीने शिकवावयाचे, असा त्याचा क्रम होता. पौलाचा उपदेश कितीही उत्तम असो, त्याने शिवलेला तंबू जर पहिल्याच पावसात गळता, तर गिऱ्हाइकाने त्या उपदेशाविषयी काय मत केले असते, ह्याचा वाचकांनीच विचार करावा. फिलिप्पै शहरी ज्या लुदियेने आपले घर पौलास उघडून दिले, ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. यापो येथील दुर्कसेचे तर एकही वाक्य शास्त्रात लिहून ठेवलेले नाही. ती वारली तेव्हा विधवा रडत रडत पुढे आल्या व तिने शिवून दिलेले अंगरखे आणि कपडे पेत्रास दाखवू लागल्या. ते कपडे हीच तिची साक्ष. आणि खुद्द प्रभू येशूने लोकांस शिकवावयास आरंभ केला, तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्यापूर्वीची वर्षे त्याने नासरेथ गावी सुतारकीत घालविली. ती वर्षे फुकट गेली, असे कोणता ख्रिस्ती म्हणेल?

पुढे मात्र धर्मगुरू आणि सामान्य जन ह्यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. मठात राहणाऱ्याचे जिणे ते पवित्र, आणि चांभाराचे व मोलकरणीचे ते हलके, असे लोकांस वाटू लागले. 1520 साली मार्टिन ल्यूथरने ह्या भिंतीवर घाव घातला. विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजकच आहे, आणि प्रत्येकाचा प्रामाणिक धंदा हे ईश्वराने त्याला दिलेले पाचारण आहे, असे त्याने शिकविले. कॅथलिक मंडळीनेही 1962 ते 1965 ह्या काळात व्हॅटिकन येथे भरलेल्या महासभेत ह्या विषयाचा खोल विचार केला, आणि 1965 मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी एक स्वतंत्र आज्ञापत्रच काढले. ‘प्रापंचिक’ हा शब्द आम्हांस फार आवडतो. प्रपंच आणि परमार्थ ह्यांचा झगडा महाराष्ट्रास नवीन नाही. सावता माळी आपल्या मळ्यात आणि गोरा कुंभार आपल्या चाकाशी देवास भेटले, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. तेव्हा धंदा सोडल्यावाचून देवाची सेवा घडत नाही, हे म्हणणे मराठी माणसाने तरी पत्करण्याचे कारण नाही.

आता ही पाठवणी रोजच्या व्यवहारात कशी उतरते, ते काही उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण इंग्लंडातील आहे. विल्यम विल्बरफोर्स हा तरुण गृहस्थ पार्लमेंटचा सभासद होता. 1785 च्या सुमारास त्याच्या मनात धर्मजागृती झाली आणि राजकारण टाकून धर्मोपदेशक व्हावे की काय, अशा विचारात तो पडला. त्याने जॉन न्यूटन नावाच्या वृद्ध पाळकाचा सल्ला घेतला. हा न्यूटन एके काळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. “आहेस तेथेच राहा,” अशा अर्थाचा उपदेश त्याने केला, आणि विल्बरफोर्स पार्लमेंटातच राहिला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे झगडून 1807 साली ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद करविला. पुढे 1833 मध्ये खुद्द गुलामगिरी नष्ट करणारा कायदाही झाला. ह्या लढ्यात एकटा विल्बरफोर्सच होता असे मात्र कोणी समजू नये. 1791 साली पार्लमेंटने व्यापारबंदीचा ठराव फेटाळला, तेव्हा इंग्लंडातील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाने पिकलेली वेस्ट इंडीजमधील साखर घरात आणावयाची सोडून दिली. ज्या बायकांस त्या काळी मताचाही अधिकार नव्हता, त्यांनी आपल्या चहाच्या पेल्यापुरता तो अन्याय बंद केला. पार्लमेंटात भाषण करणे थोड्यांच्या वाट्यास येते. परंतु आपल्या स्वयंपाकघरात येणारी वस्तू कोणाच्या घामाने, कोणाच्या रडण्याने आली, एवढे विचारणे प्रत्येक गृहिणीच्या हाती आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अहमदनगरचे व आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे आहे. कुमारी सिंथिया फॅरर ह्या अमेरिकन बाई 1827 साली मुंबईस आल्या. त्यांस पाळकाची दीक्षा नव्हती. त्या शिक्षिका होत्या. मुंबईस व पुढे नगरास त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि 1862 साली नगरासच त्यांचा देह पडला. मुलींस अक्षर शिकविणे हा ज्या काळी चेष्टेचा विषय होता, त्या काळी पाटी, पेन्सिल आणि शिवणाची सुई घेऊन ही बाई पस्तीस वर्षे एकाच कामाला चिकटून राहिली. जोतीराव फुले ह्यांनी नगरास जाऊन ती शाळा पाहिली, आणि 1848 साली पुण्यास भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई फुले ह्यांच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फॅररबाईंचे नाव जोडले जाते. जोतीराव व सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचा मार्ग स्वतंत्र होता व त्यांचे मोठेपणही त्यांचे स्वतःचे आहे. परंतु एका दिव्यावर दुसरा दिवा लागला, हे खरे. आणि पहिल्या दिव्याचे त्यात काही उणे झाले नाही.

तिसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1858 साली जन्मलेली ही विदुषी कोणत्याही मंडळीची दीक्षित पाळक नव्हती. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांस आसरा व शिक्षण द्यावयाचे, हा त्याचा हेतू होता. ह्या सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक विधवा मुलगी गोदूबाई. 1893 मध्ये प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि 1896 साली कर्व्यांनी विधवांकरिता आपली संस्था स्थापन केली. म्हणजे येथेही बी एकाच्या ओंजळीतून पडले आणि झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढले.

परंतु त्याच 1893 सालातील एक कटू प्रकरण येथे झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांस ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, असा आरोप झाला. सल्लागार मंडळींनी संबंध सोडला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. आपण खोलीचे दार उघडे ठेवून आपली प्रार्थना करतो व कोणास बोलावीत नाही, तसे हाकलूनही देत नाही, असे बाईंचे म्हणणे होते. असहाय मुलींवर आश्रयदात्याच्या वागण्याचा भार पडल्यावाचून कसा राहील, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते. त्या वादाचा निकाल लावावयास आम्ही बसलो नाही. मात्र त्यात जो प्रश्न निघाला, तो सेवा करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने स्वतःस विचारावा असा आहे. मी भाकर देतो ती भुकेल्याची भूक पाहून, की गळाला आमिष लावावे तशी? आमिष लावणाऱ्याची दृष्टी माशावर असते. त्याला माशाच्या भुकेशी काही कर्तव्य नसते. ख्रिस्ताने आंधळ्यास दृष्टी दिली, ती तो आंधळा होता म्हणून. दहा कोड्यांस बरे केल्यावर आभार मानण्यास एकच परतला, तरी उरलेल्या नऊ जणांचे कोड त्याने पुन्हा त्यांच्या अंगावर घातले नाही. सेवेचा मोबदला म्हणून जेथे धर्म मागितला जातो, तेथे सेवाही राहत नाही आणि धर्मही राहत नाही.

रमाबाईंचे पुढील आयुष्य सर्वांस ठाऊक आहे. 1896-97 च्या व 1900 च्या दुष्काळांत त्यांनी अन्नान्न दशा झालेल्या मुली व बायका शेकड्यांनी केडगावास आणल्या. 1900 च्या सुमारास मुक्तिसदनातील त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. तेथे नुसती प्रार्थना नव्हती. शेती होती, माग होते, छापखाना होता, आणि आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय होती. बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सगळ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि ते काम हातावेगळे झाल्यावर 5 एप्रिल 1922 रोजी त्या देवाघरी गेल्या. विद्वत्ता आणि विहिरीचे पाणी, ग्रंथ आणि गोठा, ह्यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही.

चौथे उदाहरण अगदी घरातले, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे पाळक व कवी; लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. शाळेत जाऊन त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःचा विचार स्वतः करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीचे भूषण मानली जातात. ती वाचणाऱ्यास दिसून येते की, ह्या बाईंची पाठवणी चुलीपाशीच झाली होती. अनाथ पोरे, अडलेनडलेले, विद्यार्थी, अशांचा त्यांच्या घरी राबता असे. आपले बालकवी ठोंबरे हेही नगरास त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदू होते व हिंदूच राहिले. त्यामुळे त्या घरच्या मायेत काही कमी पडले नाही. जेवावयास आलेल्या माणसाला ताटापूर्वी त्याचा धर्म विचारीत नाही, तेच खरे ख्रिस्ती घर, असे आम्ही समजतो.

ह्या थोर नावांपलीकडे ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत, अशांची संख्या मोठी आहे. मिरजेस डॉक्टर वॉन्लेस ह्यांनी 1894 साली इस्पितळ उघडले आणि 1897 पासून तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. परक्याची मलमूत्रे काढणे हे काम त्या वेळी समाजात हीन गणले जात होते. अशा वेळी ज्या ख्रिस्ती घरांनी आपल्या मुली ह्या कामास दिल्या, त्यांचे धैर्य आज आपल्या ध्यानात येत नाही. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, कोणी वरिष्ठ पाहत नसताना, बेशुद्ध रोग्याची कूस बदलणारी परिचारिका ही मंडळीने पाठविलेली प्रेषितच होय. त्या रोग्यास तिचे नावही कळत नाही, एवढाच काय तो फरक.

आता आपणांविषयी. सुतार ज्या बाजूस कोणाची दृष्टी जात नाही त्या बाजूचाही सांधा नीट बसवितो. कारकून गरिबाचा अर्ज चिरीमिरीवाचून पुढे सरकवितो. दुकानदार दांडी मारीत नाही. शिक्षक मागल्या बाकावरील मंद मुलास दुसऱ्यांदा समजावून सांगतो. मोटार हाकणारा रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसासाठी गाडी थांबवितो. ह्यांपैकी कोणीही त्या वेळी ख्रिस्ताचे नाव घेत नसेल. तरी त्याचे काम तेच होय. कोणी कारण विचारले, तर ते लपवू नये, नम्रपणे सांगावे. परंतु विचारण्याजोगे काही आधी वागण्यात असावे लागते. ज्याच्या तराजूत खोट आहे, त्याच्या प्रार्थनेच्या लांबीने गिऱ्हाइकाचे वजन भरून निघत नाही.

ह्याहूनही एक कठीण परीक्षा आपल्या मंडळ्यांपुढे आहे. प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे वाटेकरी होणारी माणसे मुलामुलींची लग्ने ठरविताना पूर्वजांची जात विचारताना आढळतात; हुंडा घेतानाही आढळतात. घरातील मोलकरणीस निराळा पेला ठेवणारी कुटुंबेही आढळतात. बाहेरचा मनुष्य आपले उपदेश क्वचितच ऐकतो, पण हा पेला त्याच्या दृष्टीस पडतो. शंभर व्याख्याने जे उभारतात, ते हा एक पेला पाडून टाकतो. तेव्हा पालकहो, मुलांस धर्माची पोथी अवश्य द्यावी. परंतु मोलकरणीचा पगार वेळेवर दिला जातो की नाही, आजारी शेजाऱ्याची विचारपूस होते की नाही, इकडेही मुलांचे बारीक लक्ष असते, हे विसरू नये. ती पोथी त्यांस न वाचता पाठ होते.

आणि मुलांनो, तुमची पाठवणी मोठेपणी केव्हा तरी व्हावयाची आहे, असे समजून बसू नका. परीक्षेत शेजारच्या पेपरावर न गेलेली दृष्टी. खेळात स्वतःचा दोष पंचाने पाहिला नसताही आपण होऊन सांगणे. वसतिगृहात नव्या, बावरलेल्या मुलास आपल्या पंक्तीस घेणे. ज्याच्या बोलण्यास सारे हसतात त्याच्या बाजूला उभे राहणे : ही तुमच्या वयाची कामे आहेत, आणि ती पाळकांस किंवा आम्हां शिक्षकांस तुमच्याऐवजी करता येणार नाहीत. तेथे आम्ही नसतो, तुम्हीच असता. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, ह्या कामांस कोणाची मनाई नाही.

आमच्या म्हणण्याचे सार इतकेच की, पाठविणारा एक आहे, पण पाठवणीची गावे अनेक आहेत. कोणाचे गाव शेत, कोणाचे कचेरी, कोणाचे स्वयंपाकघर, कोणाचे रुग्णालय. आपल्या वाट्याच्या गावी मनापासून राबावे, आणि फळ कोणाच्या अंगणात पिकते, ह्याचा हिशेब ठेवू नये. येत्या सोमवारी सकाळी शाळेची घंटा होईल, कचेऱ्या उघडतील, दुकानांच्या फळ्या निघतील. त्या वेळी आपणा प्रत्येकास आपले गाव ओळखण्याची दृष्टी आणि तेथे टिकून राहण्याचे बळ परमेश्वर देवो, अशी आमची त्याच्या चरणी प्रार्थना आहे.